होळी, शिमगा, धुळवड, रंगपंचमी: तुमच्याकडे काय असतं, आणि ते का असतं?

पोफळबाग

आमच्या गावची पालखी सहा वर्षं देवळाबाहेर पडली नव्हती.

संगमेश्वर तालुक्यातलं जेमतेम चार वाड्यांचं गाव. मानावरून दोन भावक्यांत बिनसलं. पालखीला पहिला खांदा कुणाचा, होमात पहिला नारळ कुणाचा. बैठका झाल्या, अर्जफाटे झाले, तारखा पडल्या आणि देवाची रूपं पेटाऱ्यातच राहिली. होळीच्या रात्री ज्याच्या त्याच्या वाडीत आग पेटत होती, पोळ्याही होत होत्या, पण शिमगा झाला असं कुणाच्या तोंडून निघत नव्हतं.

त्या सहाही वर्षांत आईने भोवनीच्या, म्हणजे पालखी घरोघर यायच्या दिवशी अंगण सारवायचं सोडलं नाही. पहाटे शेण कालवायची, दारापासून बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत सारवायची, तुळशीसमोर पाट मांडायची, त्यावर मूठभर तांदूळ, विडा आणि नारळ. दिवेलागणीला सगळं उचलून आत. मी एकदा म्हटलं, "आई, पालखी येणार नाही हे माहीत आहे ना तुला?" ती म्हणाली, "दिवस त्याचा आहे. अंगण तसंच कसं ठेवू?"

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, पालखी निघाली. त्याबद्दल पुढे लिहीन. पण तेव्हापासून मनात आहे की या सणाबद्दल इथे नीट बोलायला हवं. मुंबईत आमच्या सोसायटीत होळी म्हणजे सकाळी दहा ते एक रंग, मग जेवण, मग झोप. मुलांना वाटतं सण एवढाच. मलाही रंग आवडतो, पण आमच्याकडे रंग हा शिमग्याचा शेवटचा, लहानसा भाग.

कोकणाबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. फाल्गुन शुद्ध पंचमीला फाकपंचमी म्हणतात, तिथपासून गावात शिमग्याचं वारं सुरू होतं. रोज रात्री छोटी होळी. रत्नागिरी भागात काही गावांचा तेरसे शिमगा, म्हणजे मुख्य होम त्रयोदशीला, आणि काहींचा भद्रेचा, म्हणजे पौर्णिमेला. आमचा भद्रेचा. गुरव आणि मानकरी देवाची रूपं पालखीत लावतात, म्हणजे चांदीचे मुखवटे बांधून, वस्त्रं नेसवून पालखी सजवतात. होळीचं झाड, कुठे माड, कुठे पोफळ, कुठे आंबा, कुठे सुरू, जमिनीला टेकू न देता खांद्यावरून आणायचं. "हुरा रे हुरा" करत आणतात आणि सहाणेजवळ, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्याजवळ उभं करतात. होम लागतो. मग पालखी नाचते आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघर भोवनीला निघते.

माझ्या लेखी शिमग्याचा सगळा अर्थ या भोवनीत आहे. वर्षभर आपण देवळाच्या पायऱ्या चढतो. या दिवसांत देव पायऱ्या उतरून आपल्या अंगणात येतो. घर लहान असो, मोठं असो, कुठल्याही वाडीतलं असो, पालखी दारात टेकते. गाऱ्हाण्यात त्या घराचं, घरातल्या आजाऱ्याचं, परदेशी गेलेल्या मुलाचं नाव घेतलं जातं आणि जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. तुमच्या अडचणीला अख्खं गाव होकार देतं. चाकरमानी गणपतीइतकीच रजा शिमग्यालाही का राखून ठेवतात, ते यात आहे.

तुमच्या गावी काय असतं? आणि त्याचा अर्थ घरातल्या मोठ्यांनी काय सांगितला?

पोथीवाला

चांगला धागा. अर्थाबद्दल विचारलंत म्हणून पोथीतलं जेवढं पक्कं आहे तेवढं लिहितो.

होळीची लोकांना माहीत असलेली कथा प्रल्हादाची. हिरण्यकशिपूची बहीण होलिका, तिला आगीपासून भय नव्हतं, ती प्रल्हादाला मांडीवर घेऊन बसली, ती जळाली आणि तो वाचला. पण भविष्यपुराणात दुसरी एक कथा आहे, आणि आपल्याकडचा शिमगा समजायला ती जास्त उपयोगी पडते. ती ढोंढा राक्षसीची. रघुराजाच्या राज्यात ती लहान मुलांना पीडा द्यायची. शंकराकडून वर मिळाल्यामुळे शस्त्राने मरत नव्हती. तिच्यावर उपाय एकच होता, मुलांनीच लाकडं, शेणी गोळा करायच्या, आग पेटवायची, भोवती फिरायचं, टाळ्या पिटायच्या, मनात येईल ते मोठ्याने ओरडायचं. त्या गोंगाटाने ती पळाली. आपण बोंब मारतो ती इथली.

म्हणजे होळी मुळात मुलांची आहे. गोवऱ्या मागायला मुलंच जातात, बोंब मुलंच मारतात. मोठी माणसं एरवी त्यांना गप्प बसवत असतात. या एका रात्री त्यांच्या ओरडण्यानेच गावाचं भलं होतं, असं ही कथा सांगते. मला ती फार प्रिय आहे.

सण जुना किती, तर पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणारं शास्त्र, त्यावरच्या शबराच्या भाष्यात "होलाका" या आचाराची चर्चा आहे, आणि तो पूर्वेकडचे लोक पाळतात असं तिथे म्हटलंय. एक आचार एका प्रदेशापुरता असेल तर तो सगळ्यांना लागू धरावा का, यावर तो सगळा वाद आहे. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत फाल्गुनाच्या उत्सवात एकमेकांना चिखल माखण्याचा उल्लेख आहे. हर्षाच्या 7व्या शतकातल्या रत्नावली नाटकात वसंतोत्सवात पिचकारीने रंगीत पाणी उडवतात. म्हणजे आग, चिखल आणि रंग या तिन्ही गोष्टी जुन्या आहेत, आणि कधीतरी त्या एकाच पौर्णिमेच्या आसपास येऊन बसल्या.

"शिमगा" शब्द संस्कृत सुग्रीष्मक, प्राकृत सुगिम्ह यावरून आला असं मानतात. म्हणजे ग्रीष्माच्या तोंडावरचा उत्सव.

वऱ्हाडचीमी

आमच्याकडे समुद्र नाही, पालखीची भोवनी नाही. पण शेण आहे! महिनाभर आधीपासून आम्ही पोरी चाकोल्या थापायचो. शेणाचा छोटा गोळा, तळहातावर चपटा करायचा, मधे बोटाने भोक पाडायचं, उन्हात वाळवायचं. वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची. घरातल्या प्रत्येक मुलाच्या नावाने एक माळ होळीला घालायची. कोणाची माळ लांब, यावर आमची चढाओढ. माझ्या धाकट्या भावाला जन्मून दोनच महिने झाले होते तेव्हा त्याची माळ मी केली होती, सात चाकोल्यांची, कारण त्यापुढे माझं शेण संपलं. आईने ती सगळ्यांत आधी घातली.

आणि साखरेच्या गाठी. पश्चिम महाराष्ट्रात त्या पाडव्याला गुढीला बांधतात. आमच्याकडे होळीला मुलांच्या गळ्यात घालतात. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा होळीला बाजारात गाठी शोधत फिरले आणि दुकानदार म्हणाला, "ताई, अजून पंधरा दिवस आहेत." त्या दिवशी घरची फार आठवण आली.

पोफळबाग

@वऱ्हाडचीमी, सात चाकोल्यांची माळ! वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे नारळ असतो, पण भावना हीच, होळीत घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी पडलं पाहिजे.

गोदाकाठ

नाशिकची जुनी रहिवासी. आमच्याकडे रंग म्हणजे रंगपंचमीच, फाल्गुन वद्य पंचमीची. धुळवडीला जुन्या नाशकात रंग नसायचाच.

धुळवडीला असतात वीर. ज्या घरात कुणी पूर्वज वीर होऊन गेला, त्या घरात त्याचा चांदीचा टाक देव्हाऱ्यात असतो. त्या दिवशी तो टाक घेऊन, लहान मुलांना देवांच्या नाहीतर मावळ्यांच्या वेशात सजवून, वाजतगाजत रामकुंडावर नेतात, गोदावरीत स्नान घालतात. दाजीबा वीराची मिरवणूक मोठी. बाशिंग बांधलेला हा वीर लग्नाआधीच मारला गेला, म्हणून तो नवरदेवाच्या रूपात निघतो, अशी आख्यायिका आहे. घराघरांतून त्याला ओवाळतात. म्हणजे आमच्याकडे धुळवड हा मेलेल्यांना आठवण्याचा दिवस. कुठल्याही माहितीत हे सापडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

रंगपंचमीला रहाडी. पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद, रस्त्याच्या खाली. वर्षभर वरून लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्यावरून रिक्षा जातात, भाजीवाले बसतात. सणाच्या आधी उघडतात, स्वच्छ करतात, पूजा करतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि त्या त्या पेठेला त्याचा अभिमान. उंचावरून धावत येऊन त्यात उडी मारायची, त्याला धप्पा म्हणतात. माझे वडील सांगायचे, धप्पा मारून वर आलं की पहिल्या श्वासाला फुलांचा वास यायचा, कारण रंग पळसाच्या फुलांचा असायचा.

चुलीपाशी

सगळ्यांचं छान चाललंय, पण एक गोष्ट मनात आहे ती बोलते.

लहानपणी आमच्या गावात धुळवडीच्या दिवशी आम्हा मुलींना उंबरा ओलांडायची सोय नव्हती. रात्री होळीभोवती पुरुष जी बोंब मारायचे त्यात गावातल्या बायकांची नावं असायची. शेजारच्या एका विधवा बाईचं नाव दरवर्षी यायचं. ती कडी लावून आत बसायची, आणि आई मला तिच्या सोबतीला पाठवायची. बाहेर माणसं हसत होती, आणि ती माझे केस विंचरत होती. एकच वेणी तिने तीनदा घातली.

म्हणून "शिमगा आहे, चालायचंच" हे वाक्य मला ऐकवत नाही. पोथीवाला म्हणतात ती मुलांची बोंब वेगळी, आणि ही वेगळी. आगीत वर्षाची घाण टाकायची हा अर्थ मला मान्य आहे. दुसऱ्याच्या दारात टाकायची, हा नाही.

पोथीवाला

@चुलीपाशी, तुमचं शंभर टक्के खरं. कथेतल्या ओरडण्याचा रोख राक्षसीवर आहे, शेजारणीवर नाही. जो ओरडतो त्याच्यापेक्षा जी दुबळी आहे तिच्यावर ओरडणं सुरू झालं, तिथेच त्या आचाराचा अर्थ उलटा झाला.

पोफळबाग

@चुलीपाशी, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडेही फाका, म्हणजे शिमग्याच्या बोंबा होत्या, नावं घेऊनच व्हायच्या. वडिलांच्या पिढीत गावच्या बैठकीत ठरलं की फाक गावाच्या नावाने मारायची, माणसाच्या नाही. ते अजून पाळलं जातं.

तळोद्याचा

नंदुरबार जिल्ह्यातून लिहितोय. सातपुड्यातल्या आदिवासी होळीबद्दल कुणी तरी लिहायला हवं म्हणून.

आमच्याकडे आधी भोंगऱ्या बाजार भरतात. डोंगरातले लोक गूळ, डाळ्या, खजूर, कपडे, घुंगरू, लागेल ते तिथून घेतात. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी सगळ्यांत मोठी. जंगलातून उंच, सरळ बांबू आणतात. खड्डा हाताने खणतात. रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती पहाटे.

नाचणाऱ्यांत बावा आणि बुध्या असतात. अंगभर राखेचे पट्टे आणि ठिपके, कमरेला मोठी घुंगरं आणि वाळलेले दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. हे लोक नवस बोललेले असतात. काही दिवस घरापासून वेगळं राहणं, जमिनीवर झोपणं, पथ्य पाळणं, हे सगळं निष्ठेने करतात. फोटो काढायला येणाऱ्यांना फक्त वेश दिसतो. माझ्या मित्राच्या वडिलांनी मुलगा आजारातून उठला म्हणून पाच वर्षांचा नवस बोलला होता. पाचव्या वर्षी त्यांचा गुडघा सुजला होता, तरी रात्रभर नाचले. एवढं लक्षात ठेवून बघायला या.

गच्चीवरची_कुंडी

मला एक साधा प्रश्न. उत्तरेत होळीच्या दुसऱ्या दिवशी नवा महिना लागतो असं म्हणतात, आणि आपल्याकडे पाडवा पंधरा दिवसांनी. मग वर्ष नक्की कधी संपतं?

पोथीवाला

दोन्हीकडे आपापल्या परीने बरोबर आहे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून होळीच्या पौर्णिमेला फाल्गुन संपला आणि दुसऱ्या दिवशी चैत्र लागला. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून होळीनंतरचा पंधरवडा फाल्गुन वद्य राहतो. उदाहरणार्थ 2025 मध्ये होळी 13 मार्चला, धुळवड 14 ला, रंगपंचमी 19 ला आणि गुढीपाडवा 30 मार्चला होता. नवं संवत्सर दोघांचंही चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच. फरक एवढाच की त्यांच्याकडे होळीची आग महिन्याच्या शेवटच्या दिवशी पडते, आपल्याकडे जुनं जाळणं आणि नवं उभारणं यांत पंधरा दिवस मोकळे मिळतात. ते पंधरा दिवस कोकणात पालखी फिरते, नाशकात रहाडी भरतात.

पंढरपूरचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. तिथे वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत विठ्ठलाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर गुलाल उधळतात. म्हणजे तिथे रंग महिनाभराहून जास्त टिकतो.

शेताच्या_बांधावर

पोथीतलं वाचलं, आता शेतातलं सांगतो. होळी येते तेव्हा रानात हरभरा आणि गहू तयार होत आलेला असतो. आम्ही हरभऱ्याचे डहाळे आणि गव्हाच्या ओंब्या होळीत भाजतो. तोच हुळा. संस्कृतातही काडाच्या आगीत भाजलेल्या अर्धकच्च्या दाण्याला होलक म्हणतात, असं आमच्या गुरुजींनी शाळेत सांगितलं होतं. मला तर होळीचा अर्थ तिथेच सापडतो. घरात दाणा येण्याआधी पहिला घास आगीला.

मधोमध एरंडाची फांदी, भोवती गोवऱ्या, काटक्या, वर पुरणपोळीचा नैवेद्य. सकाळी निखाऱ्यांवर हंडा ठेवायचा आणि त्या पाण्याने सगळ्यांनी आंघोळ करायची. आजी म्हणायची, या पाण्याने ऊन बाधत नाही. आम्ही धुराचा वास येणाऱ्या पाण्याने कुडकुडत आंघोळ करायचो, कारण फाल्गुनातली पहाट अजून गारच असते. मग कपाळाला राख. रंग विकत आणायला पैसे कुणाकडे होते? धूळ आणि राख हीच आमची धुळवड.

गच्चीवरची_कुंडी

उत्तराबद्दल धन्यवाद. @गोदाकाठ, पळसाचा रंग घरी करता येतो का?

गोदाकाठ

येतो. पळस याच दिवसांत फुलतो. फुलं रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर मंद आचेवर उकळा आणि गाळून घ्या. पिवळसर केशरी पाणी येतं. चिमूटभर खायचा चुना घातला की रंग गडद होतो. चिमूटभरच, जास्त झाला तर अंगाला झोंबतो. झाडावरची ओरबाडू नका, खाली पडलेली फुलं पुरतात.

सुरंगी

@पोफळबाग, मी राजापूरकडची. झाडाबद्दल विचारायचं होतं. आमच्या मुलांना दरवर्षी प्रश्न पडतो की होळीसाठी उभं झाड तोडायचं का. तुमच्याकडे काय करता?

आणि दुसरं विचारू का, असं झालंय, पण चुलीपाशी यांचं वाचल्यावर राहवत नाही. विधवा बाईने पालखीची ओटी भरलेली तुमच्याकडे चालते का? आमच्याकडे माझी आत्या दरवर्षी खांबाआडून हात जोडते.

पोफळबाग

@सुरंगी, झाडाचं आधी. आमच्याकडे मानाच्या बागेतली पोफळ ठरते, बहुतेक म्हातारी, उत्पन्न थांबलेली. तोडण्याआधी तिची पूजा होते, आणि त्याच आळ्यात पावसाळ्यात नवं रोप लावायचं हा रिवाज जुना आहे. मधल्या काळात विसरला गेला होता. गेल्या वर्षी शाळेतल्या पोरांनी आठवण केली आणि जूनमध्ये खरंच रोप लावलं. बाकी होमाला गवत आणि सुकं लाकूड. एवढ्याने सगळ्यांचं समाधान होईल असं नाही, पण आमच्याकडे हे असं आहे.

ओटीचं सांगतो, म्हणजे गेल्या वर्षीचं राहिलेलंही सांगून होईल.

पालखी निघाली ती कोर्टकचेरीने नाही. दोन्ही भावक्यांतली म्हातारी माणसं एकेक करून गेली. शेवटच्या म्हाताऱ्याच्या बाराव्याला दोन्हीकडचे पन्नाशीतले लोक एका ओटीवर बसले होते, तिथे विषय निघाला. पहिला खांदा आलटून पालटून, एक वर्ष यांचा, एक वर्ष त्यांचा. एवढंच ठरायला सहा वर्षं लागली.

भोवनीला पालखी आमच्या वाडीत दुपारी आली. ढोल आधी ऐकू आला, बराच वेळ आधी, कारण मधे व्हाळ, म्हणजे ओढा आहे आणि उतारावर पालखी हळू आणतात. आई अंगणात उभीच होती. आमच्याकडे माझी धाकटी काकू आहे. काका जाऊन अकरा वर्षं झाली. नारळ ठेवायला तिला कुणाची ना नव्हती, पण ओटी सवाष्णीनेच भरायची, हेच आम्ही बघत आलो. ती मागे पडवीत होती. पालखी पाटावर टेकली. आईने ताट उचललं, दोन पावलं पुढे गेली, मग मागे वळली, पडवीत जाऊन काकूच्या हातात ताट दिलं आणि तिला दंडाला धरून पुढे आणलं. कुणी काही बोललं नाही. ढोलवाल्यांनी हात थांबवले होते. काकूचे हात थरथरत होते, तांदूळ थोडे पाटावर सांडले. मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. गुरवांनी सांडलेले तांदूळ वेचून पालखीत टाकले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. त्यात त्यांनी काकूचं नाव घेतलं, तिच्या मुलाच्या नोकरीचं घेतलं.

या वर्षी काय होईल ते मला सांगता येणार नाही. काकूने ओटीसाठी खण मात्र आणून ठेवला आहे, हिरवा, इरकली काठाचा. तुमच्या आत्यांना हे सांगा.